ब्रँडेड पीसीचा एसएमपीएस बदलायचाय? आधी झाकण काढून बघा

आमच्या भागात म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाला आठ दिवस असताना मी परभणीला जाऊन ५५० वॅटचा नवा एसएमपीएस (पीसीला लाईट पुरवणारा डबा, याला सप्लायही म्हणतात) घेतला, सेलूला घरी येऊन पीसीचं झाकण काढलं आणि आपलं काही ‘बनलं’ नाही हे दोन मिनिटांत कळलं. एसएमपीएसमधून निघते चोवीस पिनांची जाड केबल. माझ्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडतात त्या मुख्य बोर्डावर, तिला जागाच नव्हती. तिथं होतं आठ पिनांचं चिमुकलं सॉकेट.

दुकानदाराची चूक नाही. त्यानं विचारलं किती वॅटचा देऊ, मी सांगितलं. पिना कोणत्या हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहायलोय. असेंबल केलेल्या पीसीत एसएमपीएस बदलणं हे चार स्क्रूचं काम. पण कंपनीचा तयार पीसी असेल, त्यातही ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड टॉवर, तर मामला वेगळा. आणि जिथं लाईट दिवसातून चारदा डोळा मारते, तिथं तर आणखीच वेगळा.

मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग करतो. पीसी आहे आय-फाइव्ह १०४०० चा, सोळा जीबी रॅम, दोन हार्ड डिस्क, एक एसएसडी. पाच-सहा तासांचा लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे त्याची अंतिम फाइल बनवायला रात्र जायची, म्हणून जालन्याच्या एका मित्राकडून जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं. भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, “मामा, आतला सप्लाय किती वॅटचा आहे ते बघितलं का?” बघितलं तर २६०.

हिशेब साधा आहे, तुम्हीही कागदावर मांडा. हा प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा, पण टर्बोत, म्हणजे पूर्ण जोरात चढला की १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कार्ड १२५ वॅटचं. झाले २५९. म्हणजे २६० वॅटच्या एसएमपीएसवर उरला एक वॅट, आणि त्यात बोर्ड, रॅम, दोन हार्ड डिस्का आणि पंखे चालवून दाखवायचे. हे सगळं धरून मी ३०० ते ३१० वॅट पकडले. कार्डं क्षणभर त्यांच्या आकड्यापेक्षा जास्तही ओढतात, म्हणून वर चांगली जागा लागते. या कार्डासाठी बनवणारेच ४५० वॅटचा सप्लाय सांगतात. मी ५५० चा घेतला तो उन्हाळ्यासाठी, ते पुढं सांगतो.

हा हिशेब करताना काही जणांच्या लक्षात येईल की एसएमपीएस बदलायची गरजच नाही. कार्डाच्या स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं ७५ वॅटमध्ये बसतात, आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं कार्ड ७० मध्ये. त्यांना वेगळी केबल लागत नाही. तुमचं काम फोटोशॉपमध्ये अल्बम बनवण्याचं असेल तर असलं कार्ड घ्या आणि हे सगळं वाचायचं सोडून द्या. फक्त आपल्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा उघडा, कारण काही बारक्या कॅबिनेटांमध्ये स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षा कमी लिहिलेली असते.

बदलायचाच असेल, तर दुकानात जायच्या आधी झाकण काढा आणि तीन फोटो काढा. पहिला, एसएमपीएसवरच्या लेबलचा. दुसरा, बोर्डावर जिथं जिथं त्याच्या केबली घुसल्यात त्या प्रत्येक सॉकेटचा, पिना मोजता येतील इतक्या जवळून. तिसरा फोटो पट्टी लावून, एसएमपीएसच्या डब्याचा. नेहमीचा एटीएक्स डबा मागच्या बाजूनं १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि आत साधारण १४० किंवा त्याहून जास्त लांब असतो. बारीक, सडपातळ टॉवरमध्ये टीएफएक्स असतो, म्हणजे लांबट विटेसारखा, आणि त्याच्या जागी एटीएक्स कितीही ढकला, बसत नाही. माझं नशीब इतकंच की डबा एटीएक्सच्याच मापाचा होता आणि मागची चार भोकं जुळली.

आता पिना. नेहमीच्या बोर्डावर दोन सॉकेटं असतात: चोवीस पिनांचं मोठं, आणि प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचं. कंपन्यांच्या ऑफिस मॉडेलांत हल्ली एसएमपीएस फक्त बारा व्होल्ट देतो. पाच आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. त्यामुळं सॉकेट लहान होतं, चार, सहा, आठ, दहा, चौदा, कंपनीच्या मर्जीप्रमाणं. हार्ड डिस्कची लाईटही एसएमपीएसमधून न येता बोर्डावरच्या एका छोट्या सॉकेटातून येते. तुमच्या पीसीत हार्ड डिस्कच्या केबलीचं मूळ बोर्डात सापडलं, तर समजा की तुमचंही प्रकरण माझ्यासारखंच आहे.

यावर औषध म्हणजे अडॅप्टर केबल. एका टोकाला चोवीस पिना, दुसऱ्या टोकाला तुमच्या बोर्डाच्या. ती पिना मोजून घेऊ नका, मॉडेल नंबर टाकूनच मागवा, कारण आठ पिनांची दोन सॉकेटं दिसायला सारखी असली तरी आतली वायरिंग वेगळी असू शकते. एका नामांकित कंपनीनं १९९० च्या दशकाच्या शेवटी तर कमाल केली होती: सॉकेट हुबेहूब एटीएक्सचं, आणि वायरी मात्र वेगळ्याच क्रमानं. ज्यांनी बाजारातला सप्लाय लावला त्यांचे बोर्ड गेले. आणखी एक गोम आहे. पीसी बंद असतानाही बोर्डाला थोडी लाईट लागते. बाजारातला एसएमपीएस जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट देतो, पण काही कंपनी बोर्डांना तिथंही बाराच्या आसपास लागतात. अशा अडॅप्टरच्या मधोमध पाचाचे बारा करणारी छोटी सर्किट असते. तुमच्या मॉडेलला ती लागत असेल आणि तुम्ही स्वस्तातली नुसत्या वायरींची केबल घेतली, तर बटण दाबत बसा, पीसी उठणार नाही.

माझा अडॅप्टर ऑनलाइन मागवून आठ दिवसांनी आला. तोवर तुळशीचं लग्न लागून गेलं आणि माझ्याकडं तीन लग्नांचं शूटिंग तुंबलं.

त्या आठ दिवसांत एकानं सल्ला दिला की जुनाच एसएमपीएस ठेव, हार्ड डिस्कच्या सॅटा पिनेतून कार्डासाठी आठ पिना काढणारी केबल शंभर-दीडशेत मिळते. हे करू नका. सॅटा पिनेत बारा व्होल्टला तीन टोकं, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. कार्डाची आठ पिनांची केबल १५० वॅटसाठी असते. मधला फरक प्लास्टिक वितळून भरून निघतो.

एसएमपीएस घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडं बघू नका, लेबलवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. माझ्या ५५० वाल्यावर ४५ अँपिअर आहेत, ५४० वॅट झाले. खरा माल. माझ्या जुन्या कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एका ‘४५० वॅट’च्या एसएमपीएसचं लेबल मी मुद्दाम वाचलं: १५ अँपिअर. म्हणजे १८० वॅट. बाकीचे वॅट कुठं गेले ते लेबल लिहिणाऱ्यालाच माहीत. हातात धरूनही अंदाज येतो, तो डबा आपल्या जेवणाच्या डब्याइतका हलका होता.

‘८० प्लस’चा शिक्का असावा, ब्राँझ पुरे. गोल्ड घेतलात तर विजेच्या बिलात फार फरक पडत नाही: ३०० वॅटच्या कामाला पाच-सहा टक्क्यांचा फरक म्हणजे वीसएक वॅट, तितकंच. पण शिक्का कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा, सुरक्षिततेचा नाही, म्हणून शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांपासूनचं संरक्षण खोक्यावर वेगळं लिहिलेलं आहे का ते वाचा. आणि तापमान: ५५० वॅट किती अंशांना? काही कंपन्या ४० अंश लिहितात, काही ५०, काही काहीच लिहीत नाहीत. परभणीला मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. आतले कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्म्या आयुष्याचे होतात, म्हणून ४० अंशांवाला सप्लाय आपल्याकडं काठोकाठ भरून चालवू नये. म्हणून मी ५५० घेतला.

आता बदलण्याचं काम. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायरच काढा. मग पीसीचं चालू करायचं बटण दोन-तीनदा दाबा, उरलीसुरली लाईट निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, जुना असला तरी. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट बसून राहू शकतात.

नवा सप्लाय आत घालायच्या आधी बाहेरच तपासा. त्याच्या चोवीस पिनांत एकच हिरवी वायर असते (सगळ्या वायरी काळ्या असतील तर मॅन्युअलमधलं चित्र बघा). प्लग काढलेला असताना स्टेपलरची पिन सरळ करून हिरवी आणि शेजारची काळी जोडा, एखादी जुनी हार्ड डिस्क लावा, मग लाईट द्या. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६ आणि लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ दिसलं पाहिजे. जुना, बिनब्रँडचा सप्लाय वापरायला काढला असेल तर मागं लाल स्विच आहे का बघा. तो ११५ वर असेल आणि तुम्ही आपले २३० दिले, तर फटाक्याचा आवाज येईल.

जुना काढताना केबलचं लॉक अंगठ्यानं दाबून ओढा, वायरीला धरून ओढू नका. माझ्या टॉवरमध्ये चार स्क्रूंशिवाय खाली एक पत्र्याची खिटीही होती, ती दाबून डबा पुढं सरकवावा लागला. ती न दिसल्यामुळं मी पंधरा मिनिटं कुस्ती खेळलो.

नवा बसवताना पंख्याचं तोंड जिथं जाळी आहे तिकडं. केबली सुट्ट्या निघणारा सप्लाय असेल तर फक्त त्याच्याच खोक्यातल्या केबली वापरा. दुसऱ्या सप्लायची केबल त्याच सॉकेटात बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग हार्ड डिस्क एका क्षणात जाते. लग्नाचं फुटेज असलेली हार्ड डिस्क गेली तर काय होतं, हे मी नवरीच्या भावाकडून ऐकलेलं आहे. आणखी एक जागा चुकायची: प्रोसेसरची चार अधिक चार पिनांची केबल आणि कार्डाची सहा अधिक दोन पिनांची केबल सारख्याच दिसतात, पण बारा व्होल्ट आणि अर्थच्या जागा उलट आहेत. खाचा वेगळ्या असल्यानं सहज जात नाहीत. जात नसेल तर जोर लावू नका, हातात चुकीची केबल आहे.

सगळं जोडलं, कार्ड बसवलं, पीसी सुरू झाला. एखाद्या कंपनीचा बोर्ड पहिल्यांदा पंख्याबद्दल किंवा सप्लायबद्दल इंग्रजीत कुरकुर करतो, एफ-वन दाबलं की पुढं जातो. माझा काही बोलला नाही. रेंडर लावलं, मी खाली जेवायला गेलो. वर आलो तर पीसी पुन्हा सुरू होऊन विंडोजच्या पहिल्या पानावर उभा.

दोन दिवस असंच. नुसतं यूट्यूब चालू असताना काही नाही, रेंडर लावलं की मधेच रीस्टार्ट. मला वाटलं अडॅप्टर खराब. आईनं निदान केलं, म्हणजे तिला कळलंही नाही: “तुझं ते यंत्र बंद पडायलंय तवा लाईट जायलीय ना?” खरंच. लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येताना तो बंद व्हायचा.

याचं कारण समजून घ्या, कारण सेलूपासून उदगीरपर्यंत प्रत्येक घरी इन्व्हर्टर आहे. लाईट गेल्यावर एसएमपीएस त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर क्षणभर तग धरतो, पूर्ण लोडवर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद. लोड कमी असेल तर जास्त. म्हणून यूट्यूब टिकतं, रेंडर टिकत नाही. इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये तो लाईट बदलायला जास्त वेळ घेतो, पंखा-बल्बला चालतं. यूपीएस मोडमध्ये झटकन बदलतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा बॅटरी उतरते म्हणून आमच्या इन्व्हर्टरवाल्यानं तो साध्या मोडवर ठेवला होता. मी फिरवला, रीस्टार्ट थांबले. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल तर नव्या, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (आत येणारी वीज नीट ओढणारी सर्किट असलेल्या) एसएमपीएसशी त्याचं जमेलच असं नाही. घूं घूं आवाज करतो किंवा बंद पडतो. पीसीसाठी साइन वेव्ह बरा. रेंडरसाठी इन्व्हर्टरची व्हीए क्षमताही, म्हणजे तो किती लोड पेलतो ते बघून घ्या, घरातला फ्रीज आणि पीसी एकाच वेळी त्याच्यावर टाकू नका.

स्टॅबिलायझरबद्दल लोक विचारतात. नवा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट चालतो म्हणून लिहिलेलं असेल, तर कमी व्होल्टेजसाठी त्याची गरज नाही. भीती उलटी आहे. खांबावर न्यूट्रल तुटलं की एका फेजवर चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, मग गल्लीतले टीव्ही एका रात्रीत जातात. जास्त व्होल्टेजला तोडणारा कटऑफ घराच्या विजेच्या मेन बोर्डात बसवणं पैसे वसूल आहे.

शेवटचा घोळ मला आधीपासून माहीत होता, फक्त मी त्याला घोळ समजत नव्हतो. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या, आणि अनवाणी असलं की जास्त. जुना एसएमपीएस होता तेव्हाही यायच्या. नव्यानंतर भाचा दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत आला, पेनड्राइव्ह लावताना ओरडला आणि म्हणाला, “मामा, हे नॉर्मल नाही.” वायरमन काकांना बोलावलं.

“अर्थिंग हाय का?”
“तिसरी पिन आहे की.”
“पिन हाय. तिच्या मागं वायर हाय का?”

भिंतीवरचा प्लगचा बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागं काहीच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. विजेतला गोंगाट जमिनीत सोडायचं त्यांचं काम. जमीनच नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास. करंट फारच थोडा म्हणून मुंग्या येतात. पण तो करंट टीव्हीला एचडीएमआय लावताना पोर्टमधून जातो, आणि सप्लायमध्ये खरा बिघाड झाला तर तोच पत्रा पूर्ण २३० चा होईल. काकांनी मागच्या अंगणात खड्डा घेतला, कोळसा, मीठ, पाइप, आणि वायर वर आणली. मग मीटर लावून दाखवलं: फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलइतकंच, न्यूट्रल ते अर्थ दीड-दोन व्होल्ट. मुंग्या गेल्या.

आता मी वर्षातून दोनदा जाळी साफ करतो. जवळच जिनिंग आहे, हंगामात कापसाचे तंतू उडतात आणि एसएमपीएसच्या पंख्यावर गादी तयार होते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीनं धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला मुद्दाम चार तासांचं रेंडर लावून बघितलं, सॉफ्टवेअरमध्ये बारा व्होल्टच्या रकान्यातला आकडा ११.९ च्या खाली आला नाही.

वायरमन काका जाताना बजावून गेले होते की आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा वाळला की अर्थिंग नावालाच उरतं, पाणी घालत जा. पण उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. म्हणून आई आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते, आणि संध्याकाळी ती बादली खड्ड्यात ओतते.